सावदा ते बोर्डी, दिवसाढवळ्या

सावद्यात बन्सीलाल आबांच्या घरासमोर कडुनिंबाखाली एक पांढरी जीप उभी असते. पांढरी म्हणायची ती आपली सवयीने. आता रंग ताकात हळद पडल्यासारखा झालाय. मित्रांनो, ती जीप म्हणजे मी. माझ्या बॉनेटवर उन्हाळ्यात कुरडया वाळतात, मागच्या सीटखाली मांजर दरवर्षी पिल्लं घालते, आणि आबांची नात रूपा रोज दुपारी माझं स्टिअरिंग धरून तोंडाने हॉर्न वाजवत जग फिरून येते. एकेकाळी मी खरोखरच फिरत होते. खूप फिरले. पण फिरणं वेगळं आणि पाहणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो रंगाचा उग्र वास आणि ट्रेलरवर माझ्या पुढेमागे बांधलेल्या माझ्यासारख्याच बहिणी. जळगावहून आबांनी मला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने, कुंदाबाईंनी, माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्यांचा भूषण तेव्हा शाळेत जायचा. त्याने हॉर्न वाजवून वाजवून गल्ली इतकी हैराण केली, की आबांनी हॉर्नची वायरच काढून ठेवली. माझ्या आयुष्याचा पहिला आठवडा मी मुकी होते.

आबा केळीचे. स्वतःची बाग होतीच, पण खरा धंदा म्हणजे गावोगावचा माल बघायचा, कापून घ्यायचा आणि ट्रक भरून परगावी धाडायचा. केळी फार नाजूक, बरं का. घडाला धक्का लागला तर तेव्हा काही दिसत नाही. दोन दिवसांनी तिथे काळा डाग उठतो आणि तिकडचा व्यापारी फोनवर ओरडतो. म्हणून ट्रकच्या तळाला केळीचाच पाला अंथरायचा, त्यावर घड बसवायचे, वरून पुन्हा पाला. आणि ऊन तर लागूच द्यायचं नाही. दिवसभर कापणी, संध्याकाळी भरणी, दिवेलागणीला गाडी रवाना. रात्रभर गार हवेत चालायचं आणि सकाळी बाजार गाठायचा.

आबांनी उभा जन्म असा माल पाठवला. घरची माणसंही त्यांनी अशीच नेली.

कुणाचं लग्न असो, बारसं असो की नवस असो, जेवणं उरकली की आबा म्हणायचे, "चला, भरा गाडी." मग माझ्या मागच्या भागात गोधड्या अंथरल्या जायच्या. कुंदाबाई आणि लेकरं त्यात शिरायची, बाजूचे रेक्झिनचे पडदे खाली सोडले जायचे, आणि आम्ही निघायचो. पहाटे मुक्काम, दिवसभर मांडव, रात्री पुन्हा परत. कुणी काही म्हटलंच तर आबांचं उत्तर तयार असे. "रातचा रस्ता मोकळा, इंजन थंडं, माणूस निजून जाते. यात वाईट काय आहे?"

तसं वाईट काहीच नव्हतं. नाशिक, शेगाव, सुरत, इंदूर, अगदी डहाणूपर्यंत मी जाऊन आले, आणि कुठे बंद पडले नाही. पावसाळ्यात बागेतल्या काळ्या चिखलात ट्रॅक्टर रुतायचे, तिथून मी बाहेर यायचे. अडलेल्या बायकांना भुसावळच्या दवाखान्यात वेळेवर पोचवलं. लोक माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "आबा, गाडी नही, वाघीण आहे." पण रस्त्यांचं विचाराल, तर माझ्या दोन दिव्यांच्या उजेडात येईल तेवढंच मला ठाऊक. मैलाचे दगड, वळणाच्या पाट्या, समोरून येणाऱ्या ट्रकांचे डोळे. कुंदाबाईंना तेवढंही नाही. त्या पडद्याआड.

पुढे आबांचे गुडघे धरले. भूषणने फैजपूरला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, त्याचं लग्न झालं, आणि एक चकचकीत, बंद काचांची, गार हवेची गाडी घरात आली. मला कडुनिंबाखाली लावलं ते लावलंच. कुणी मुद्दाम टाकून दिलं नाही, नुसतं विसरले. एक भंगारवाला मधूनमधून यायचा आणि माझ्याभोवती फेरी मारून आबांना म्हणायचा, "कधी पन सांगा, आबा."

मग यंदा माघात एक साधीशी गोष्ट घडली.

दुपारची वेळ. कुंदाबाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होत्या. भूषणची बायको कामिनी, धुळ्याच्या देवपूरची, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. रूपा चित्रांचं पुस्तक घेऊन आजीच्या मांडीला टेकली.

"आजी, समुद्र केवढा असतो?"

"मोठा असते, माय."

"तू पाहिला?"

"डहाणूले गेली होती ना मी. तुह्या बापाच्या मावसभावाच्या लग्नाले."

"मग सांग ना. निळा असतो की हिरवा?"

सूप थांबलं. "मी तठी जाऊन आली," कुंदाबाई म्हणाल्या, "पन पाह्यला नही. मांडवात होती. वास येत होता त्याचा."

कामिनीने मान वर केली. "आणि वाटेतलं जंगल, आई? जव्हारकडे केवढी झाडी आहे म्हणतात."

"असीन. सारं जग फिरली मी, पोरी. पन रातचं."

त्यांनी हे तक्रार म्हणून नाही सांगितलं. वांग्याचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि पुन्हा सूप हलवायला लागल्या. कामिनीच्या हातातला रूपाचा फ्रॉक मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून कामिनी दुपारी माझ्यात येऊन बसायला लागली. घरात रूपा झोपत नसे. माझ्या पुढच्या सीटवर, कडुनिंबाच्या वाऱ्यात, आईच्या मांडीवर तिला लगेच डुलकी लागायची. मग कामिनी एका हाताने तिला थोपटायची आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवरचा नकाशा सरकवायची. सकाळी सावद्याहून निघायचं. दुपारचं जेवण देवपूरला, माहेरी. मग चांदवडवरून नाशिक. तिथे एक मुक्काम आणि द्राक्षांचे मळे. पुढे त्र्यंबकच्या अंगाने जव्हारचं जंगल, आणि डोंगर उतरून बोर्डी, जिथे समुद्राच्या कडेकडेने सुरूची झाडं उभी आहेत. सगळं दिवसाउजेडी. बंद काचांच्या गाडीत कुंदाबाईंचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून जायचं ते माझ्यातून.

भूषण बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याने झुलाल मिस्तरीला बोलावलं. झुलालने माझं बॉनेट उघडलं, उंदराचं घरटं काढून टाकलं, चारी बाजूंनी ठोकून पाहिलं.

"भूषणभाऊ, हिले काही रोग नही. उभी राहून राहून म्हातारी झाली फक्त."

नवी बॅटरी आली, ब्रेकचं तेल बदललं, चाकांत हवा भरली. इंजिन सुरू झालं तेव्हा सीटखालची मांजर पिल्लं तोंडात धरून एकेक करून ओट्याखाली घेऊन गेली. मला तिचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, आनंदच जास्त झाला.

आता उरले आबा. संध्याकाळी चहाच्या वेळी कामिनीने बेत सांगितला. आबांनी बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "द्राक्षाच्या मळ्यात? म्हणजे तठी ते वाइन करतात, तठी?"

"हो आबा. मळा पाहायचा, वाइन कशी करतात तेही दाखवतात."

"म्हणजे सून सासूले दारूच्या कारखान्यात नेऊ राह्यली! गावात काय सांगू मी?"

"सांगा, द्राक्षासव आणाले गेली," आतून कुंदाबाईंचा आवाज आला.

भूषणला चहाचा ठसका लागला. कुंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मले प्यायचं नही काही. आपल्या केळीले एका खोडाले एकच घड, तरी टेकू द्या लागते. त्या वेलीले इतके घड लागतात, ते कसे पेलते ते पाहीन मी."

मग कामिनीने बोर्डीचं नाव काढलं, तसे आबा एकदम खुलले. बोर्डीला प्रेमराज शेट म्हणून चिकूच्या बागेचे मालक होते. आबांची आणि त्यांची फोनवरची ओळख जुनी, भेट कधीच नाही. "बोर्डीला घर तुमचंच समजा," असं ते दर दिवाळीला म्हणायचे. आबांनी लगेच फोन लावला. बेत ठरला. घरात आनंदीआनंद झाला, आणि तिथेच चूक झाली. कारण पुढची तयारी आबांनी आपल्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी दोन ओळखीच्या ट्रकवाल्यांना रस्ता विचारला, बागेतून हिरवेगार घड कापून आणून शेडमध्ये ठेवले आणि ओट्यावर येऊन जाहीर केलं, "सारं ठरलं. परवा सांजच्याले गाडी भरू. मागं पाला, त्याच्यावर घड, घडाच्या बाजूनं माणसं. धुळ्याचा बायपास धरू, नाशिक अंधारातच मागं टाकू, सकाळी बोर्डी."

कामिनीचा चेहरा उतरला. "आबा, मग मळे? जंगल?"

"येताना पाहू."

"येतानाही रात्रीच निघणार ना?"

"मंग? दिवसा उन्हात इंजन तापवत हिंडायचं का?"

"आबा, केळी नकाच नेऊ," भूषण हळूच म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने धोतर न नेसता जायला सांगितलं होतं. "सावद्याचा माणूस रिकाम्या हातानं जाईन? प्रेमराज शेट काय म्हनीन? अन् दिवसा नेली तं बोर्डीपर्यंत केळीची भाजी होऊन जाईन. केळी न्याची तं रातचंच."

मित्रांनो, या बोलण्यात फट कुठे नव्हती. मीसुद्धा केळीत मुरलेली. मला ते पटलंच.

कामिनी माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसली आणि तिने देवपूरला आईला फोन लावला. सासरी ती शुद्ध बोलायची, आईशी मात्र तिची अहिराणी सुटायची.

"आई, आमनं काही खरं नही. बठ्ठं, सारं काही रातलेच शे."

पलीकडून लताबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "म्हणजे यंदा बी बायपासवरथीनच जाशी का व माय?"

कामिनीने "हां" म्हटलं आणि डोळे पुसले. लग्नानंतर या घराबरोबर ती जितक्यांदा धुळ्यावरून गेली, तितक्यांदा पलीकडचे दिवेच बघत गेली होती.

त्या संध्याकाळी ओट्यावर पानं वाढली होती. कुंदाबाईंनी आबांच्या ताटात भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "मी येत नही."

"काहून? गुडघे दुखतात का?"

"गुडघे तुमचे दुखतात. माह्ये बरे आहे. रातचं निघाल तं मी येत नही. तुम्ही जा, केळी न्या. केळीले चालते अंधार. मी काही घड नही."

आबांचा घास हातातच राहिला. भूषणने पाण्याचा तांब्या उगाचच इकडचा तिकडे केला. या घरात मी आल्यापासून कुंदाबाईंनी आबांना "नाही" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आता म्हटलं तेही भाकरी वाढता वाढता.

दुसरा दिवस उजाडला. आबा हट्टाने शेडमध्ये घडांजवळ बसून राहिले. त्यांना बायकोचं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. पण रिकाम्या हाताने जायचं कसं, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. कुंदाबाई येणार नसतील, तर कामिनीच्या बेतात काही उरतच नव्हतं. तो सगळा बेत त्यांच्यासाठीच तर होता. "राहू द्या," ती भूषणला म्हणाली, "पुन्हा कधीतरी." पुन्हा कधीतरी म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. भंगारवाला त्याच दुपारी येऊन फेरी मारून गेला.

उन्हं कलायला लागली तशा कुंदाबाई शेडमध्ये शिरल्या. आबांशी एक शब्द न बोलता त्यांनी एक घड ओढून घेतला, हाताला तेल लावलं, म्हणजे चीक चिकटत नाही, आणि फण्या सोडवायला लागल्या.

"काय करू राह्यली?" आबांनी विचारलं.

कुंदाबाईंनी घराकडे तोंड करून हाक मारली. "कामिनी, मोठी कढई काढ. अन् भूषणले सांग, तेलाचा डबा आण म्हना."

अंगणात चूल पेटली. कुंदाबाई कच्ची केळी सोलून किसणीवर धरायच्या आणि चकत्या थेट उकळत्या तेलात सोडायच्या. कामिनी झारा फिरवायची, मिठाचं पाणी शिंपडायची. तेल असं तडतडायचं की रूपा दर वेळी टाळ्या पिटायची. माझ्या पत्र्याला तो वास इतका बसला, की अजून गेलेला नाही. घड संपला, दुसरा घेतला. पिवळ्याधमक वेफर्सने पत्र्याचे डबे भरत गेले. शेवटचा डबा भरल्यावर कुंदाबाईंनी तो स्वतः उचलून माझ्या मागच्या सीटखाली ठेवला.

"घ्या. ही आपल्याच बागेची केळी. याले ऊन लागत नही. आता सांगा, कधी निघायचं?"

आबा येऊन उभे राहिले. एक वेफर खाल्ला. मग आणखी एक. "रस्त्यानं धक्के बसले तं चुरा होईन."

"चुरा झाला तं चिवडा करू."

"मीठ कमी आहे."

"प्रेमराज शेटले बीपी असीन."

कामिनीने हसू लपवायला पदर तोंडाशी धरला. आबांनी तिसरा वेफर घेतला, तो चावून संपेपर्यंत कडुनिंबाकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "सकाळी निघू. पन पानी भरून घ्या बरोबर. उन्हाचं इंजन तापते."

निघालो तेव्हा ऊन माझ्या बॉनेटवर आलं होतं. भूषण स्टिअरिंगवर बसला. आबा सवयीने पुढच्या दाराशी गेले, कडीवर हात ठेवला, आणि थांबले. मागे कुंदाबाई चढायच्या तयारीत होत्या.

"तू बस पुढी," आबा म्हणाले.

"अन् तुम्ही?"

"मले रस्ता तोंडपाठ आहे. मागून सांगत जाईन."

ते मागच्या आडव्या बाकावर, पायांत वेफर्सचे डबे घेऊन बसले. कामिनीने दोन्हीकडचे पडदे गुंडाळून वर बांधले. भुसावळ गेलं, जळगाव गेलं, पारोळा गेलं. "आता चढ येईन," आबा मागून सांगायचे, आणि चढ यायचा. "आता डाव्या हाताले पेट्रोलपंप," आणि पंप यायचा. कुंदाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. वेचणीनंतर उभी राहिलेली कपाशीची पळकाटी, रस्त्याकडेचा लाल फुललेला पळस, विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाया, सगळं त्या मान फिरवून फिरवून बघत होत्या.

देवपूरला लताबाई फाटकातच उभ्या होत्या. लेकीला आणि नातीला जवळ घेऊन झाल्यावर त्यांनी आबांकडे पाहिलं. "व्याही, तुम्ही दिनना बी दिसतस व्हय!" आबांनी वरण-बट्टी मागून घेऊन खाल्ली, हाच त्यांचा जबाब.

मालेगाव मागे पडलं, आणि थोड्या वेळाने आबांचा आवाज बंद झाला. पुढे डोंगर उभे राहिले होते. एकामागे एक, कुणी सुळक्याचे, कुणी वरून सपाट. दुपारच्या उन्हात त्यांच्या कड्यांवरच्या रेघासुद्धा मोजता आल्या असत्या. इंजिनाला चढ लागत होता, पण मी गुरगुरले नाही. मीही पाहत होते.

"भूषण, रस्ता चुकला का रे?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. चांदवड आलं."

"मंग हे डोंगर कधी आले इथं?"

कुंदाबाई हसायला लागल्या, इतक्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. शेकडो वेळा आबा इथून गेले होते. चढ कुठे, उतार कुठे, खड्डा कुठे, सगळं बरोबर ठाऊक; डोंगर तेवढे राहून गेले होते.

आडव्या बाकावरून पुढचं नीट दिसत नाही. आबांनी मान वाकडी करून पाहिली, गुडघा धरून जरा उठून पाहिलं, आणि शेवटी विचारलं, "ओ भूषणची माय, पुढी काय दिसते?"

कुंदाबाई सांगायला लागल्या. "एक डोंगर आहे, पोळपाटासारखा. त्याच्यामागं अजून एक, तो कललेला आहे. आता उतार लागला. खाली सारं हिरवं आहे... थांबा. तारा बांधल्या आहे ओळीनं. वेली आहे त्याच्यावर. अहो, द्राक्षं!"

"घड कसे आहे?"

"खाली लटकतात, पानाच्या आड. लहान आहे, पन दाट. वेल कोठी पेलते? तारच पेलते सारा भार."

"तार कितीची असीन?"

"आता ते उतरून पाहू," कुंदाबाई म्हणाल्या. "भूषण, थांबव रे गाडी."

आणि मी थांबले. समुद्र अजून पुढेच होता, पण घाई कुणालाच नव्हती.

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या दारात माझ्यासारखी जुनी गाडी असेल, तर तिला नुसती उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करा, तेलपाणी बघा, उंदरांना वायरी खाऊ देऊ नका. ती अजून खूप चालेल. आणि तुमच्या घरातही कुणी असेलच, जे सगळीकडे जाऊन आलंय आणि ज्याने काहीच पाहिलेलं नाही. त्याला एकदा पुढच्या सीटवर बसवा, चांगलं ऊन पडल्यावर निघा, आणि मागे बसून त्यालाच विचारत राहा, पुढे काय दिसतंय.